शिंगणापूरचा साक्षी: माणसाचे सामाजिक मन आणि देवावरची श्रद्धा

अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर हे गाव आहे. तिथल्या जुन्या घरांना चौकटी आहेत, पण दारे नाहीत. कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून रात्री एखादी फळी टेकवून ठेवतात, कुलूप मात्र लावत नाहीत. गावकऱ्यांना कारण विचारले तर ते एकच सांगतात: गावाची राखण शनिदेव करतो, चोरी करणाऱ्याला तो सोडत नाही.

या उत्तरात एक मोठा शास्त्रीय प्रश्न दडलेला आहे. न दिसणारा, न बोलणारा कोणी आपल्याकडे पाहत आहे, त्याला आपला हेतू कळतो आणि तो त्याप्रमाणे वागतो, असे माणसाचे मन इतक्या सहज कसे मानते? देव आहे की नाही, हा निराळा प्रश्न आहे आणि त्याचा निवाडा या लेखात करायचा नाही. मनाच्या कोणत्या शक्तींवर देवाची कल्पना उभी राहते आणि समाजात ती कोणते काम करते, एवढाच शोध इथे घ्यायचा आहे. माझे प्रतिपादन असे: माणसे ओळखण्यासाठी, त्यांच्याशी देवघेव करण्यासाठी आणि त्यांच्यात नाव राखण्यासाठी जे मन घडले, तेच मन देवाकडे वळते. म्हणून देवाची नजर माणसांच्या नजरेला बळ देते, पण तिची जागा घेऊ शकत नाही.

१. दुसऱ्याचे मन ओळखण्याची शक्ती

माणूस एकटा जगू शकत नाही. कोण आपला, कोण परका, कोण शब्द पाळतो, कोण गोड बोलून गळा कापतो, याचा अंदाज त्याला सतत घ्यावा लागतो. समोरच्याच्या मनात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. नजर, आवाज, हातवारे आणि मागचे अनुभव यांवरून ते ताडावे लागते.

ही शक्ती वयाबरोबर उमलते. हाइन्झ विमर आणि योसेफ पेर्नर यांनी १९८३ मध्ये लहान मुलांना एक गोष्ट सांगितली. एका मुलाने चॉकलेट एका कपाटात ठेवले आणि तो बाहेर गेला. त्याच्यामागे आईने ते दुसऱ्या कपाटात ठेवले. परत आल्यावर मुलगा चॉकलेट कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले सहसा दुसऱ्या कपाटाकडे बोट दाखवतात, कारण चॉकलेट तिथे आहे हे त्यांना स्वतःला माहीत असते. चार-पाच वर्षांच्या सुमारास मुलाच्या लक्षात येते की दुसऱ्याच्या डोक्यात चुकीची समजूतही असू शकते. तिथून पुढे माणूस मनांचे थरावर थर चढवत जातो: तिला वाटते की मला माहीत नाही, पण मला माहीत आहे हे त्याला ठाऊक आहे. चावडीवरचे राजकारण, सोयरिकीची बोलणी, बाजारातला भाव, सगळे या थरांवर चालते.

देवाशी वागताना माणूस हीच शक्ती वापरतो. ‘देव कोपला’, ‘देवाच्या मनात असेल तसे होईल’, ‘देवाला सगळे कळते’ ही वाक्ये देवाला मन बहाल करतात. मन आहे म्हटल्यावर राग, लोभ, माहिती आणि इच्छा ओघाने येतात.

२. घटनेमागे कर्ता शोधणे

मन ओळखणारी ही शक्ती गरजेपेक्षा जास्त तत्पर असते. फ्रिट्झ हायडर आणि मेरियान झिमेल यांनी १९४४ मध्ये एक छोटा चलच्चित्रपट दाखवला. त्यात दोन त्रिकोण, एक वर्तुळ आणि एक चौकोनी खोका एवढेच होते. तरी बहुतेक प्रेक्षकांनी त्याचे वर्णन करताना मोठा त्रिकोण दांडगाई करतो, छोटा घाबरतो, वर्तुळ लपते, असे सांगितले. केवळ हालचालीवरून त्यांनी हेतू वाचला होता. स्ट्युअर्ट गथ्री यांनी १९९३ मध्ये याच प्रवृत्तीवर धर्माचा सिद्धान्त मांडला: अंधारातल्या आकाराला माणूस समजण्यात फारसे नुकसान नाही, पण माणसाला नुसता आकार समजणे जिवावर बेतू शकते. म्हणून मन आधी कर्ता धरते, खात्री नंतर करते.

दुष्काळी मुलखात हे स्पष्ट दिसते. पाऊस ताणला की गावोगाव महादेवाचा गाभारा पाण्याने भरतात, पिंड बुडवून ठेवतात. याला देव कोंडणे म्हणतात. मोसमी वारे का कमकुवत झाले हे हवामानशास्त्र सांगते. पण शेतकऱ्याला टोचतो तो प्रश्न वेगळा असतो: आमच्याच शिवारावर का? त्या प्रश्नात कुणाचा तरी हेतू आधीच गृहीत धरलेला असतो. म्हणून उपायही माणसावर करावा तसाच केला जातो. देवाची अडवणूक करायची, म्हणजे तो वाटेवर येईल.

पण कर्त्याचा भास झाला की देव तयार झाला, असे मात्र नाही. रात्री खुट्ट वाजले, चोर वाटला, मांजर निघाले, की माणूस विसरून जातो. टिकायला गोष्ट लागते. पास्काल बॉयर यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात अशा गोष्टींचे एक लक्षण सांगितले: त्यांत नेहमीच्या जगाचा एखादाच नियम मोडलेला असतो, बाकी सगळे ओळखीचे असते. शिंगणापूरची आख्यायिका या लक्षणाला तंतोतंत उतरते. पुरात पानसनाल्यातून एक काळी शिळा वाहत आली. गुराख्याने तिला काठी टोचली, तर रक्त आले. रात्री स्वप्नात देव आला आणि ती हलवण्याची रीत त्याने सांगितली: सख्ख्या मामा-भाच्यांनीच उचलावी. छप्पर नको, आभाळ हेच छप्पर, असेही सांगितले. आजही सुमारे साडेपाच फुटांची ती शिळा उघड्या चौथऱ्यावर उन्हापावसात उभी आहे. दगडातून रक्त येणे एवढाच इथला मोडलेला नियम. रक्त म्हणजे जीव, जीव म्हणजे इच्छा. पुढचे सगळे, अगदी मामा-भाच्यांचे नातेसुद्धा, घरातले आहे.

३. सगळे जाणणारा, पण नेमके काय जाणणारा?

देव सर्वज्ञ आहे असे आपण म्हणतो. पण एखाद्या बाभळीला किती पाने आहेत हे देवाला ठाऊक आहे का, असे कोणी विचारत बसत नाही. चोरी कोणी केली, खोटी शपथ कोणी घेतली, भावाचा वाटा कोणी गिळला, हे देवाला ठाऊक असते, याच्याशी आपल्याला मतलब असतो. बॉयर यांचे हे निरीक्षण मोलाचे आहे: देवाच्या ज्ञानातला जो भाग माणसामाणसांतल्या व्यवहाराला लागू पडतो, तोच मनात जागा राहतो. गावात प्रत्येकाला अर्धवट माहिती असते. देवाला पूर्ण माहिती असते. म्हणून तो साक्षीदार म्हणून सर्वांत भारी.

साक्षीचे एक जुने चिन्ह म्हणजे डोळा. माणसाच्या डोळ्यातला पांढरा भाग इतर वानरवर्गीय प्राण्यांच्या मानाने ठळक असतो, त्यामुळे नजर कुठे आहे ते लांबूनही कळते. शिर्डीच्या समाधी मंदिरात साईबाबांची संगमरवरी मूर्ती १९५४ मध्ये बसवली गेली. ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली. रांगेतून पुढे सरकणारा भाविक बाहेर आल्यावर सांगतो, ‘बाबा माझ्याकडेच बघत होते.’ शिल्पकाराने चेहऱ्यात जे आणले, ते पाहणाऱ्याच्या मनातल्या नजर ओळखणाऱ्या शक्तीला थेट जाऊन भिडते.

शिंगणापूरच्या शिळेला मात्र डोळे नाहीत, चेहराही नाही. तरी ज्याच्या वक्रदृष्टीची सर्वांत जास्त धास्ती असते, तो देव हाच. यावरून दिसते की डोळे ही केवळ सोय आहे. ‘त्याला कळते आणि तो पर्वा करतो’ हा विश्वास मुळाशी असतो. जेरेड पियात्सा, जेसी बेरिंग आणि गॉर्डन इंग्राम यांच्या २०११ च्या प्रयोगात मुलांना सांगितले होते की रिकाम्या खुर्चीवर अ‍ॅलिस नावाची अदृश्य राजकन्या बसली आहे. एकट्याने खेळताना लबाडी करण्याचा मोह होता. ज्या मुलांचा अ‍ॅलिसवर विश्वास बसला, ती लबाडीपासून जवळजवळ तितकीच दूर राहिली, जितकी प्रत्यक्ष मोठे माणूस खोलीत असताना मुले राहतात.

४. दारे नसलेल्या गावाची मीमांसा

मग शिंगणापुरात चोरी न होण्याचे श्रेय केवळ या विश्वासाला द्यायचे का? इथे कारणांची फोड करावी लागते.

पहिले कारण श्रद्धेचे. चोर शिवेबाहेर जाऊ शकत नाही, त्याची दृष्टी जाते, त्याच्यामागे साडेसाती लागते, अशा कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. शिक्षा झाल्याची एक गोष्ट शंभर उपदेशांचे काम करते, कारण तिच्यात गुन्हेगार आहे, गुन्हा आहे आणि परिणाम आहे.

दुसरे कारण माणसांच्या नजरेचे. लहान गावात प्रत्येकाला प्रत्येकाचे येणेजाणे ठाऊक असते. उघड्या घरात परका शिरला तर शेजारी विचारणारच. जिथे दार नाही तिथे शेजार हेच दार असते.

तिसरे कारण प्रतिष्ठेचे. गावाची कीर्ती दारे नसण्यावर आहे. या कीर्तीमुळे यात्रेकरू येतात, शनिअमावास्येला रस्ते भरून वाहतात, तेल-फुलांची आणि खाण्यापिण्याची दुकाने चालतात. दार बसवणारा स्वतःचा अविश्वास जाहीर करतो आणि गावाच्या नावालाही धक्का लावतो. त्यामुळे दार न लावणे ही श्रद्धेची कृती आहे तशीच ती शेजाऱ्यांना दिलेली ग्वाहीही आहे.

ही तिन्ही कारणे एकमेकांत गुंतलेली असतात तोवर व्यवस्था टिकते. परकी माणसे आणि मोठा पैसा आला की दुसरे कारण दुबळे होते. २०१० मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून रोकड चोरीला गेल्याची तक्रार नोंदवली. युको बँकेने जानेवारी २०११ मध्ये इथे कुलूप नसलेली शाखा उघडली आणि तिची देशभर वाखाणणी झाली. पण रोकड सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था बँकेला करावी लागलीच. सप्टेंबर २०१५ मध्ये गावात पोलीस ठाणे सुरू झाले. देवस्थानाच्या नावाने बनावट ॲप काढून ऑनलाइन पूजेसाठी भाविकांकडून पैसे उकळल्याचे आरोप २०२५ मध्ये विधानसभेत गाजले. घरफोडीच्या धाकासाठी रचलेल्या कथा मोबाइलच्या पडद्याआडच्या व्यवहाराला पुऱ्या पडत नाहीत. तिथे शेजारी नाही, शीव नाही, ओळखीचा चेहरा नाही. उरते ती लेखापरीक्षणाची वही, आणि ती माणसांनीच तपासायची असते.

५. देवघेव आणि संभाषण

माणसांच्या नात्याचा दुसरा खांब देवघेवीचा. नवस बोलणे हा करार आहे: माझे अमुक झाले तर मी तमुक करीन. फेडला नाही तर देव आठवण करून देतो, अशी भीतीही त्यात असते. कौल लावताना तर देवाचे मत उजव्या-डाव्या फुलावरून थेट विचारले जाते. या सगळ्यात समोर कोणी ऐकणारे आहे, हे गृहीत आहे. उफे श्योड्ट आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये डेन्मार्कमधल्या श्रद्धाळू ख्रिस्ती व्यक्तींच्या मेंदूचे चित्रण केले. देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलताना त्यांच्या मेंदूतले तेच भाग जागे झाले, जे दुसऱ्या माणसाचे मन ओळखताना जागे होतात. सांताक्लॉजला मागणी करताना तसे झाले नाही. ज्याला आपण खरा मानतो त्याच्याशीच मन संभाषण मांडते.

अहिल्यानगरजवळच्या मेहेराबादमध्ये या गोष्टीचे फार वेगळे उदाहरण आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरले आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते पाळले. ते आधी पाटीवर लिहीत, मग अक्षरांच्या फळीवर बोट फिरवीत. १९५४ मध्ये ती फळीही त्यांनी सोडली आणि केवळ हातांच्या खुणा उरल्या. त्या खुणांचा अर्थ निकटचे शिष्य शब्दांत सांगत. आवाज नव्हता म्हणून नाते तुटले नाही. प्रत्येक खुणेकडे, प्रत्येक नजरेकडे भक्त अधिक बारकाईने पाहू लागले. शब्द कमी झाले की मन ओळखण्याची शक्ती जास्त राबते, आणि जास्त राबल्याने जवळीकही वाढते. १० जुलैला आजही त्यांचे अनुयायी मौन पाळतात.

६. देवाचे मत कोण सांगते?

ज्याचे मन आपण वाचतो, त्याच्यात आपलेच मन मिसळण्याचा धोका असतो. निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवले की एखाद्या प्रश्नावर लोकांचे स्वतःचे मत बदलवले, की देवाचे मत काय असेल याविषयीचा त्यांचा अंदाजही त्याच दिशेने सरकतो. इतर माणसांच्या मताचा अंदाज तितका सरकत नाही.

शिंगणापूरच्या चौथऱ्याचा इतिहास याचा पडताळा देतो. स्त्रियांनी चौथऱ्यावर चढणे शनिदेवाला चालत नाही, असे दीर्घकाळ सांगितले गेले. त्याविरुद्ध २००० साली डॉ. नरेंद्र दाभोलकर, एन. डी. पाटील आणि डॉ. श्रीराम लागू यांनी आंदोलन उभारले. नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी चौथऱ्यावर गेली, तेव्हा शिळेचे शुद्धीकरण करण्यात आले. २६ जानेवारी २०१६ रोजी चौथऱ्याकडे निघालेल्या भूमाता ब्रिगेड या संघटनेच्या स्त्रियांना वाटेत अडवले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने १९५६ च्या मंदिर प्रवेश कायद्यावर बोट ठेवून स्त्रियांचा हक्क स्पष्ट केला आणि ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा सर्वांना खुला झाला. त्यानंतर तेलाचा अभिषेक थांबला नाही, श्रद्धा ओसरली नाही. देवाच्या तोंडी घातलेली मनाई माणसांची होती, म्हणून माणसांनी ती उठवताच प्रश्न मिटला. देवाचे मत म्हणून जे सांगितले जाते, ते सांगणाऱ्याचे स्थान आणि हित तपासल्यावाचून स्वीकारू नये, हा याचा धडा.

७. श्रद्धा आणि संघ

एकाच साक्षीला मानणारी माणसे एकमेकांवर विश्वास टाकू शकतात. गळ्यात तुळशीची माळ घातलेला वारकरी मद्य-मांस सोडतो. हा त्याग सगळ्यांना दिसतो आणि तो महाग असतो, म्हणून त्याच्यावर भरवसा ठेवता येतो. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या १९व्या शतकातल्या वसाहतींचा अभ्यास मांडला. ज्या धार्मिक वसाहती सदस्यांकडून जास्त त्याग मागत, त्या जास्त काळ टिकल्या. धर्माशिवाय मागितलेल्या त्यागाने हे साधले नाही.

पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर कामाची सुरुवात यादवबाबांच्या देवळाच्या जीर्णोद्धारापासून केली. दारूबंदीचा निर्णय त्याच देवळात झाला, त्यामुळे त्याला शपथेचे वजन आले आणि अनेक भट्ट्या आपण होऊन बंद पडल्या. पण तेवढ्याने भागले नाही. तरुणांच्या मंडळाने पहारा ठेवला आणि न ऐकणाऱ्यांना खांबाला बांधून मारलेही. त्या मारहाणीचे समर्थन करता येत नाही. तिने एवढे मात्र दाखवले की देवासमोरची शपथसुद्धा माणसांच्या पहाऱ्यावर टेकलेली होती.

संघाची दुसरी बाजू कुंपणाची. बेंजामिन पर्झिकी आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये जगातल्या आठ समाजांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपला देव सर्वज्ञ आणि शिक्षा करणारा आहे असे मानणारे लोक दूरच्या, अनोळखी माणसांशीही जास्त प्रामाणिकपणे वागले, पण ती माणसे त्यांच्याच धर्माची होती. पाथर्डी तालुक्यातल्या मढीची कानिफनाथांची यात्रा भटक्या जमातींचा मोठा मेळा म्हणून ओळखली जाते. त्याच मढीच्या ग्रामसभेने फेब्रुवारी २०२५ मध्ये यात्रेत मुस्लिम व्यापाऱ्यांना दुकाने लावू द्यायची नाहीत, असा ठराव केला. जोडणारी शक्ती तोडणारीही होते. कोणाला आत घ्यायचे हे ती स्वतः ठरवत नाही, आपण ठरवतो.

८. आक्षेप आणि मर्यादा

या मांडणीवरचे तीन आक्षेप विचारात घेतले पाहिजेत.

पहिला पुराव्याचा. डोळ्यांचे चित्र लावले की लोक प्रामाणिक वागतात, असे मेलिसा बेटसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इंग्लंडमधल्या चहा-कॉफीच्या पैशांच्या डब्यावरून दाखवले होते. पुढच्या अनेक प्रयोगांत हा परिणाम तितका दिसला नाही. दुसऱ्याचे मन ओळखणे ज्यांना अवघड जाते त्यांची देवावरची श्रद्धा कमी असते, या निष्कर्षालाही सर्वत्र सारखा दुजोरा मिळालेला नाही. सामाजिक मन हे श्रद्धेचे एकमेव कारण मानणे म्हणूनच चुकीचे ठरेल. घरचे संस्कार, मोठ्यांचे आचरण आणि सोसलेली संकटे यांचा वाटा मोठा आहे.

दुसरा तत्त्वज्ञानाचा. निर्गुण ब्रह्माला ना डोळे, ना राग, ना इच्छा. मग ही मीमांसा त्याला कशी लागू पडावी? याचे उत्तर त्याच नेवासे तालुक्यात आहे. १२९० साली ज्ञानेश्वरांनी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्यात अद्वैताचा कळस आहे, आणि तरी तिच्या पायावर उभ्या राहिलेल्या संप्रदायाने विठ्ठलाला माउली म्हटले. जस्टिन बॅरेट आणि फ्रँक कील यांच्या १९९६ च्या प्रयोगातही हेच दिसले. सर्वव्यापी देव मानणारे लोक गोष्ट आठवताना देवाला एका वेळी एकच काम करणारा बनवत होते. बुद्धी निर्गुणापर्यंत पोहोचते, पण रोजचे मन नाते शोधते.

तिसरा सत्याचा. श्रद्धेचे मानसिक कारण सापडले म्हणून श्रद्धेचा विषय खोटा ठरत नाही. गणितही मेंदूच करतो, म्हणून गणित खोटे होत नाही. तसेच, श्रद्धा स्वाभाविक आहे म्हणून ती खरीही ठरत नाही. या दोन्ही उड्या टाळल्या पाहिजेत.

निष्कर्ष

देवाची कल्पना मनावर बाहेरून लादली जात नाही. माणसे ओळखणारे, त्यांच्याशी करार करणारे आणि त्यांच्या नजरेला जपणारे मन तिला आपसूक जागा देते. म्हणून श्रद्धावानाला मूर्ख म्हणणे अशास्त्रीय आहे. पण ही जागा मिळाल्यावर तिथून कोण बोलतो आणि कोणाच्या हितासाठी बोलतो, हे विचारायचे सोडणेही तितकेच घातक आहे. शिंगणापूरने या दोन्ही गोष्टी दाखवल्या: एका साक्षीच्या भरवशावर गाव पिढ्यान्‌पिढ्या कुलपाविना राहू शकते, आणि त्याच साक्षीच्या नावावर स्त्रियांना अडवता येते, भाविकांना लुबाडता येते.

श्रद्धावानांनी देवस्थानांचे हिशेब मागावेत, देवाच्या नावाने घातलेल्या मनाया तपासाव्यात आणि यात्रेत सर्वांना जागा द्यावी. विवेकवाद्यांनी श्रद्धेमागचे माणसाचे मन समजून घ्यावे आणि मगच तिच्याशी वाद घालावा. देवावर पहारा सोपवला, तरी माणसांनी आपला पहारा सोडता कामा नये.